वेसेक्सचे दप्तर

इसवी सन 878 च्या जानेवारीत, नाताळच्या सणाचे बारा दिवस नुकतेच सरले होते, हिवाळा ऐन भरात होता आणि अशा दिवसांत कोणतीही फौज सहसा छावणी सोडून बाहेर पडत नाही हा त्या काळच्या लढवय्यांचा रिवाज होता, अशा वेळी गुथ्रम नावाच्या डॅनिश सरदाराने अचानक चाल करून वेसेक्सच्या राजघराण्याचे चिपनम हे ठाणे हस्तगत केले. रयतेपैकी कित्येकांनी समुद्रापार पळ काढला, उरलेल्यांपैकी बहुतेकांनी शत्रूपुढे मान तुकविली आणि वेसेक्सचा राजा आल्फ्रेड मूठभर सोबत्यांनिशी सॉमरसेटच्या अरण्यांत व दलदलीत दडून बसला. त्या घटकेस इंग्लंडमध्ये डॅनिशांच्या मर्जीवर अवलंबून नसलेला असा दुसरा मातब्बर अँग्लो-सॅक्सन राजा उरला नव्हता, आणि हा उरलेला एक राजाही आपल्याच मुलखात फिरस्त्यासारखा रात्री काढीत होता.

इंग्लंडच्या शाळांतून हा प्रसंग पिढ्यान्‌पिढ्या शौर्यकथा म्हणून शिकविला गेला, आणि त्यात शौर्य होते हे कोणी नाकारणार नाही. परंतु लढाया जिंकणारे राजे त्या शतकात युरोपभर पुष्कळ झाले. आल्फ्रेडचे वेगळेपण लढाई संपल्यानंतर दिसते. मोडलेले राज्य पुन्हा उभारताना त्याला असे आढळले की कारभार चालविण्यास लागणारी लॅटिन विद्या जाणणारी माणसेच देशात राहिलेली नाहीत. आणि ती तयार होईपर्यंत थांबण्याइतकी सवड नसल्यामुळे त्याने रयतेच्या बोलीलाच दप्तरात, धर्मपीठात आणि न्यायासनाजवळ जागा दिली. इंग्रजी गद्याची पहिली मोठी उभारणी झाली ती भाषाभिमानाच्या भरात झाली नाही. माणसांच्या टंचाईने ती राजाकडून करवून घेतली, असे माझे मत आहे, आणि पुढील हकीकत मी त्याच दृष्टीने सांगणार आहे.

हे अँग्लो-सॅक्सन लोक ब्रिटनचे मूळचे रहिवासी नव्हेत. पाचव्या शतकाच्या आरंभी, 410 च्या सुमारास, रोमची सत्ता त्या बेटावरून उठली आणि पुढच्या काही पिढ्यांत उत्तर समुद्राच्या पलीकडील किनाऱ्यांवरून, म्हणजे आजच्या डेन्मार्कपासून फ्रिसियापर्यंतच्या पट्ट्यातून, जर्मानिक भाषा बोलणाऱ्या टोळ्या तेथे येऊन वसल्या. जॅरोच्या मठातील बीड या विद्वान भिक्षूने 731 मध्ये पुरा केलेल्या आपल्या धर्मेतिहासात त्यांचे अँगल, सॅक्सन आणि ज्यूट असे तीन वंश सांगितले आहेत. ती विभागणी वाजवीपेक्षा अधिक नीटस आहे असे आजचे संशोधक म्हणतात, तरी तिच्यावाचून कोणाचेच भागत नाही. या लोकांनी नॉर्थम्ब्रिया, मर्सिया, ईस्ट अँग्लिया, केंट, वेसेक्स अशी लहानमोठी राज्ये स्थापिली. 597 मध्ये रोमहून ऑगस्टीन नावाचा धर्मप्रचारक केंटमध्ये उतरला, त्याच्याबरोबर लॅटिन लिपी आली, आणि थोड्याच वर्षांत केंटचा राजा एथेलबर्ट याने आपले कायदे लिहवून घेतले. त्या काळी युरोपातील इतर जर्मानिक राजे आपले कायदे लॅटिनमध्ये लिहवीत असताना हे कायदे मात्र लोकांच्या बोलीत उतरले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे; कारण आल्फ्रेडने जे केले त्याला अगदीच आधार नव्हता असे म्हणता येणार नाही. तथापि कायद्याची कलमे निराळी आणि विचार वाहून नेणारे गद्य निराळे. विद्येची भाषा लॅटिनच राहिली, आणि आठव्या शतकात नॉर्थम्ब्रियाचे मठ त्या विद्येत इतके पुढे गेले की फ्रँकांचा सम्राट शार्लमेन याला आपल्या दरबारासाठी अल्क्विन हा पंडित यॉर्कहूनच मिळाला.

त्याच नॉर्थम्ब्रियाच्या किनाऱ्यावर 793 मध्ये लिंडिसफार्नचा मठ लुटला गेला. तेव्हापासून डॅनिश व नॉर्वेजियन चाच्यांच्या स्वाऱ्या हा एक ऋतूच होऊन बसला. पण 865 मध्ये जे आले ते लूट घेऊन परतणारे टोळके नसून मुक्काम करणारी फौज होती, आणि समकालीन लेखकांनी तिला ‘मोठी फौज’ असेच नाव दिले. पुढील वर्षी तिने यॉर्क घेतले. 867 मध्ये नॉर्थम्ब्रियाचे दोन भांडखोर राजे तिच्यापुढे एकत्र येऊन एकत्रच मारले गेले. 869 मध्ये ईस्ट अँग्लियाचा राजा एडमंड याचा वध झाला. 874 मध्ये मर्सियाचा राजा बर्ग्रेड राज्य सोडून रोमला निघून गेला. दहा वर्षांच्या आत तीन सिंहासने रिकामी झाली, आणि त्या त्या मुलखातील मठांबरोबर ग्रंथ, ग्रंथांबरोबर ग्रंथ वाचणारेही नाहीसे झाले.

वेसेक्सचा राजा एथेलवुल्फ याचा आल्फ्रेड हा सर्वांत धाकटा मुलगा. त्याच्याआधी त्याचे तीन भाऊ एकामागून एक गादीवर बसले होते, तेव्हा राज्य आपल्या वाट्याला येईल अशी अपेक्षा त्याने बाळगण्याचे कारण नव्हते. जन्म 849 च्या सुमारास, वाँटेज येथे. लहानपणीच तो दोनदा रोमला जाऊन आला. आई ऑस्बर हिने इंग्रजी काव्यांचे एक सुशोभित पुस्तक मुलांपुढे धरून जो ते आधी पाठ करील त्याला देण्याचे कबूल केले, आणि पहिल्या पानाच्या नक्षीवर लुब्ध झालेल्या या धाकट्याने ते गुरूकडून वाचवून घेऊन, तोंडपाठ म्हणून दाखवून मिळविले, अशी गोष्ट त्याचा चरित्रकार असर सांगतो. असर हा वेल्समधील सेंट डेव्हिड्झ येथील भिक्षू. राजाने त्याला मिनतवारीने बोलावून आणले आणि त्याने राजा हयात असतानाच, 893 मध्ये, हे चरित्र लिहिले. आश्रिताने लिहिलेल्या चरित्रात जेवढी स्तुती असावी तेवढी त्यात आहेच. पण तो राजाच्या जुनाट दुखण्याविषयी, त्याच्या उशिरा झालेल्या अक्षरओळखीविषयी इतक्या मोकळेपणाने लिहितो की वाचकाचा त्याच्यावर एकंदरीत विश्वास बसतो. या चरित्राची एकच प्राचीन प्रत अठराव्या शतकापर्यंत टिकली होती. 1731 मध्ये लंडनच्या कॉटन ग्रंथसंग्रहाला लागलेल्या आगीत ती जळाली, आणि आज आपण जे वाचतो ते त्यापूर्वीच्या नकलांवरून व छापील आवृत्त्यांवरून जुळवलेले आहे.

871 हे वर्ष वेसेक्सला लढायांचे गेले. रेडिंगला पराभव, ॲशडाउनला विजय, पुन्हा दोन पराभव. ईस्टरनंतर थोरला भाऊ एथेलरेड मरण पावला आणि बावीस वर्षांच्या आल्फ्रेडच्या मस्तकी राज्य आले. विल्टनची लढाई हरल्यावर त्याने शत्रूशी तह केला. तह हा सभ्य शब्द झाला. खंडणी देऊन वेळ विकत घेतली, हे खरे. पाच वर्षे मिळाली. 876 मध्ये गुथ्रम वेअरहॅमला, पुढील वर्षी एक्सेटरला येऊन बसला. शपथा घेतल्या गेल्या आणि मोडल्या गेल्या. त्याच्या मदतीस येणारी 120 गलबते स्वॉनिजजवळ वादळात बुडाली म्हणून त्या खेपेस निभावले. मग चिपनम.

अ‍ॅथेल्नी हा सॉमरसेटच्या पाणथळीतील एक लहानसा उंचवटा होता. भोवती वेताची बेटे, अल्डरची झाडी, आणि ज्याला वाट ठाऊक नाही त्याला बुडविणारा चिखल. ईस्टरच्या सुमारास आल्फ्रेडने तेथे एक गढी बांधली आणि आसपासच्या सॉमरसेटकरांना घेऊन गनिमी काव्याने डॅनिशांवर छापे घालण्यास आरंभ केला. याच मुक्कामात एका गुराख्याच्या बायकोने अनोळखी पाहुण्याला चुलीवरच्या भाकऱ्यांकडे लक्ष ठेवण्यास सांगितले, विचारात गढलेल्या राजाने त्या करपू दिल्या आणि तिने त्याला फैलावर घेतले, ही कथा इंग्लंडच्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. ती आल्फ्रेडच्या मृत्यूनंतर बऱ्याच काळाने रचलेल्या संत निओटच्या चरित्रात प्रथम येते. 1574 मध्ये आर्चबिशप पार्कर याने असरचे पुस्तक छापताना ती त्यात घुसडली, आणि तेव्हापासून ती असरच्या नावावर खपली. कथा खोटी म्हणून टाकून द्यावी असे मात्र मला वाटत नाही: रयतेला आपला राजा चुलीजवळ बसवावासा वाटला, हीही एक प्रकारची साक्षच आहे.

ईस्टरनंतरच्या सातव्या आठवड्यात सॉमरसेट, विल्टशायर आणि हॅम्पशायर येथील शिबंदी ठरलेल्या जागी राजाला येऊन मिळाली, आणि दोन दिवसांच्या कूचानंतर एडिंग्टन येथे गुथ्रमचा मोड झाला. पाठलाग करीत आल्फ्रेडने त्याला चिपनममध्येच कोंडले. चौदा दिवसांचा वेढा, थंडी आणि उपासमार यांनी शत्रू शरण आला. येथे आल्फ्रेडने जे केले त्यात त्याची मसलत दिसते. गुथ्रमचे डोके मारून त्या फौजेचा बंदोबस्त होणारा नव्हता, कारण तिला दुसरा सरदार मिळण्यास एक रात्र पुरली असती. तेव्हा तीन आठवड्यांनी अ‍ॅलर येथे, तीस प्रमुख सोबत्यांसह आलेल्या गुथ्रमला त्याने ख्रिस्ती धर्माची दीक्षा देवविली, स्वतः त्याचा धर्मपिता झाला, वेडमोरच्या राजवाड्यात बारा दिवस त्याचा पाहुणचार केला आणि एथेल्स्टन या नव्या नावाने त्याला ईस्ट अँग्लियात राज्य करण्यास वाट मोकळी करून दिली. पुढे आल्फ्रेडने 886 मध्ये लंडन ताब्यात घेतले. दोघांमध्ये जो लेखी तह झाला त्याची कलमे आजही उपलब्ध आहेत. सरहद्द थेम्स नदीने वर, मग ली नदीने तिच्या उगमापर्यंत, तेथून सरळ बेडफर्डला, आणि पुढे ऊझ नदीने वॉटलिंग स्ट्रीट या जुन्या रोमन सडकेपर्यंत. इंग्रज मारला गेला काय आणि डॅनिश मारला गेला काय, सारख्या दर्जाच्या माणसाच्या प्राणाचे मोल सारखेच भरावे, असेही त्यात लिहिले आहे.

सरहद्दीच्या आत त्याने तटबंदीची ठाणी बांधली. जुन्या रोमन भिंती असतील तेथे त्या दुरुस्त केल्या, नसतील तेथे मातीचे बांध आणि मेढेकोट उभारले. या ठाण्यांना ‘बर्ग’ म्हणत. त्याच्या मुलाच्या कारकीर्दीत तयार झालेली त्यांची एक यादी उपलब्ध आहे आणि तिला जोडलेला हिशेब मला कोणत्याही रणवर्णनापेक्षा अधिक वाचनीय वाटतो. साडेपाच यार्ड भिंतीच्या रक्षणास चार माणसे लागतात. जमीनधाऱ्याच्या एका एककामागे, ज्याला ते ‘हाइड’ म्हणत, एक माणूस यावा. विंचेस्टरला 2400 हाइड नेमून दिले आहेत. म्हणजे 2400 माणसे, म्हणजे 3300 यार्ड भिंत. आणि त्या शहराच्या रोमन तटाची प्रत्यक्ष लांबी मोजली असता ती या आकड्याच्या अगदी जवळ भरते. तीसहून अधिक ठाण्यांचा सर्व हिशेब मिळून सुमारे 27,000 माणसांचा होतो. शिवाय फौजेचे त्याने दोन भाग केले, एक मैदानात, एक घरी शेतीवर, आणि ते आळीपाळीने बदलत. 892 मध्ये जेव्हा दुसरी मोठी फौज 250 गलबतांनिशी केंटमध्ये उतरली, तेव्हा चार वर्षे हिंडूनही तिला वेसेक्समध्ये पाय रोवता आला नाही. 896 मध्ये ती फुटून पांगली.

आता हा हिशेब ठेवणार कोण? ठाण्यास कोणत्या गावांनी किती माणसे द्यावयाची, कोणाची जमीन कोणत्या सनदेने कोणाकडे गेली, न्यायाधीशाने दंड कोणत्या कलमाखाली बसविला, हे लिहिणारी आणि लिहिलेले वाचणारी माणसे लागतात. ती नव्हती. पोप ग्रेगरीच्या ‘धर्मपालकाची कर्तव्ये’ या अर्थाच्या ग्रंथाचे भाषांतर 890 च्या सुमारास आपल्या बिशपांकडे धाडताना आल्फ्रेडने त्याला जी प्रस्तावना जोडली, तीत तो म्हणतो की हंबर नदीच्या अलीकडे ज्यांना आपल्या नित्य उपासनेचा अर्थ इंग्रजीत समजतो किंवा एखादे लॅटिन पत्र भाषांतरित करता येते असे लोक फारच थोडे होते, आणि आपण राज्यावर आलो तेव्हा थेम्सच्या दक्षिणेस असा एकही माणूस आपल्याला आठवत नाही. राजे आपली निकड वाढवून सांगतात, हे धरूनही यात बरेच तथ्य आहे. कँटरबरी म्हणजे इंग्लंडचे प्रमुख धर्मपीठ. तेथील 870 च्या आसपासच्या लॅटिन सनदा व्याकरणाच्या चुकांनी भरलेल्या आहेत, आणि त्यांतील काहींच्या लेखकाला स्वतः लिहिलेले धड दिसतही नसावे, असा अक्षरावरून अभ्यासकांचा तर्क आहे. इतक्या मोठ्या पीठाला दुसरा लेखनिक मिळाला नाही, यात सारे आले.

प्रस्तावनेचा एक विशेष असा की आल्फ्रेड सगळा दोष डॅनिशांच्या माथी मारीत नाही. लूट होण्यापूर्वी मठ ग्रंथांनी भरलेले होते, तो सांगतो, पण तेव्हाच्या धर्मसेवकांना त्यांचा उपयोग होत नव्हता, कारण ते त्यांच्या भाषेत नव्हते. मग एवढ्या विद्वान पूर्वजांनी भाषांतर का केले नाही? विद्या इतकी खालावेल असे त्यांच्या स्वप्नातही आले नसावे, हे त्याचे उत्तर. पुढे तो धर्मशास्त्राचा दाखला काढतो: ते प्रथम हिब्रूत होते, ग्रीकांनी ते आपल्या भाषेत नेले, रोमनांनी आपल्या, तेव्हा सर्व माणसांना जाणणे अत्यंत आवश्यक असे काही ग्रंथ आपणही आपल्याला समजणाऱ्या भाषेत आणावे, आणि ज्यांच्यापाशी साधने आहेत अशा सर्व स्वतंत्र तरुणांना, दुसऱ्या कामास लावण्यापूर्वी, निदान इंग्रजी वाचता येईल इतके शिकवावे. लॅटिन पुढे, ज्याला धर्मपदावर चढवायचे त्याच्यासाठी. पहिल्या पायरीचा मान लॅटिनकडून काढून देशी बोलीला दिला, तो या एका वाक्याने.

माणसे त्याने बाहेरून आणली. मर्सियातून प्लेग्मुंड, जो पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झाला, आणि वुस्टरचा बिशप वेर्फर्थ, वेल्समधून असर, फ्रँकांच्या मुलखातून ग्रिम्बाल्ड, सॅक्सनीतून जॉन. 887 मध्ये, म्हणजे वयाच्या चाळिशीला टेकल्यावर, राजा स्वतः लॅटिन वाचू लागला. दिवसाचे तास मोजण्यासाठी त्याने चोवीस तासांत सहा जळतील अशा सारख्या वजनाच्या मेणबत्त्या करविल्या. भिंतींच्या आणि तंबूंच्या फटींतून येणाऱ्या वाऱ्याने त्या वेळेआधी जळू लागल्या, तेव्हा बैलाच्या शिंगाचे पातळ, पारदर्शक पापुद्रे लाकडी चौकटीत बसवून त्यांचे कंदील बनविले. असरच्या चरित्रात याहून जिवंत असे दुसरे काही असेल तर ते शेवटचे प्रकरण. राजा अंमलदारांचे निवाडे तपासीत असे. निवाडा चुकीचा आढळला की तो त्या अंमलदाराला विचारी, हे लाच खाऊन केले की अज्ञानाने? अज्ञानाने, असे उत्तर आले म्हणजे हुकूम सुटे: एक तर अधिकारपद सोडा, नाहीतर वाचायला शिका. हातात तलवार धरून केस पांढरे झालेले सरदार आणि कारभारी मग अक्षरे गिरवू लागले; ज्यांना वयोमानाने ते साधेना त्यांनी मुलाला किंवा नातलगाला, तोही नसेल तर पदरच्या माणसाला शिकवून त्याच्याकडून रात्रंदिवस, सवड मिळेल तेव्हा, पुस्तके वाचून घेण्याचा सपाटा लावला; आणि आपल्या तारुण्यात ही सोय नव्हती म्हणून ते उसासे टाकीत. नोकरी वाचविण्यासाठी केलेल्या या अभ्यासातून इंग्रजी गद्याला पहिला वाचकवर्ग मिळाला.

भाषांतराची रीतही राजाने सांगून ठेवली आहे: कधी शब्दास शब्द, कधी अर्थास अर्थ, आणि तेही गुरूंकडून नीट समजावून घेतल्यावर. ग्रेगरीचा ग्रंथ, बोएथियसचे तत्त्वचिंतन, केंटमध्ये उतरलेल्या ऑगस्टीनहून निराळ्या, जुन्या संत ऑगस्टीनचे आत्मसंवाद आणि पहिली पन्नास स्तोत्रे यांची भाषांतरे परंपरेने त्याच्या नावावर आहेत. त्यांतील किती त्याच्या स्वतःच्या लेखणीचे आणि किती त्याच्या मंडळींचे, याबद्दल आज पंडितांत वाद आहे, आणि तो मिटण्याची घाई कोणाला दिसत नाही. ग्रेगरीच्या भाषांतराची वेर्फर्थकडे धाडलेली प्रत्यक्ष प्रत ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. प्रत्येक प्रतीबरोबर पन्नास मॅन्कस, म्हणजे 1500 चांदीची नाणी, किमतीचे एक साधन देण्यात आले होते, आणि ते पुस्तकापासून किंवा पुस्तक देवळापासून कोणी दूर करू नये अशी ताकीद होती. ते साधन म्हणजे ओळींवर फिरविण्याची काडी असावी. 1693 मध्ये अ‍ॅथेल्नीपासून काही मैलांवर नॉर्थ पेदरटन येथे जमिनीत एक अलंकार सापडला: अडीच इंच लांब, सोन्याचा, वर स्फटिकाच्या पारदर्शक ठोकळ्याखाली मिन्याची रंगीत मनुष्याकृती, खाली एका हिंस्र जनावराचे तोंड, आणि त्या तोंडात हस्तिदंताची किंवा लाकडाची काडी बसण्याजोगी पोकळ नळी. कडेने कोरलेल्या अक्षरांत तो अलंकार स्वतःच बोलतो की मला आल्फ्रेडने घडवविले. तो ऑक्सफर्डच्याच अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे.

याच काळात ओरोसियसच्या जगाच्या इतिहासाचेही इंग्रजी भाषांतर झाले, आणि भाषांतरकाराने मूळ ग्रंथात नसलेला एक मजकूर त्यात घातला. ओथेरे नावाचा नॉर्वेचा एक मातब्बर व्यापारी आल्फ्रेडच्या दरबारी आला आणि आपल्या प्रवासाची हकीकत त्याने राजाला सांगितली. ती जशीच्या तशी उतरवून घेण्यात आली. आपण सर्व नॉर्वेजियनांत अधिक उत्तरेस राहतो; पलीकडे लोकवस्ती कुठवर आहे हे पाहावे म्हणून आपण उत्तरेकडे गलबत हाकारले, मग किनारा पूर्वेकडे वळला तेव्हा पश्चिमेच्या वाऱ्याची वाट पाहत थांबलो, पुढे तो दक्षिणेकडे वळला, आणि अखेर एका मोठ्या नदीच्या मुखाशी पोचलो, असे तो सांगतो. युरोपच्या उत्तर टोकाला वळसा घालून श्वेत समुद्रात जाण्याची ही पहिली लिखित नोंद होय. त्याच्यापाशी 600 माणसाळलेली रेनडिअर होती. पण गाई वीस, मेंढ्या वीस, डुकरे वीस, आणि थोडीशी नांगरट तो घोड्यांनी करी. त्याचे उत्पन्न उत्तरेकडील सामी लोकांच्या वसुलीवर: सर्वांत वरच्या दर्जाच्या माणसाने मार्टेनची पंधरा कातडी, रेनडिअरची पाच, अस्वलाचे एक, पिसांची दहा मापे, अस्वलाच्या किंवा पाणमांजराच्या कातड्याचा एक डगला आणि साठ हात लांबीचे गलबताचे दोन दोर, असा दर. पलीकडच्या लोकांनी त्याला आपल्या मुलखाविषयी पुष्कळ गोष्टी सांगितल्या, पण त्या खऱ्या किती हे त्याला माहीत नाही, कारण त्याने त्या स्वतः पाहिल्या नाहीत, असेही लिहून ठेवले आहे. ज्या गद्यात वसुलीचा दर लिहिता येतो, दर्यावर्दीचे वारे लिहिता येतात आणि ऐकीव व पाहिलेले यांतील फरक राखता येतो, ते गद्य वयात आले असे समजावे.

आल्फ्रेडच्याच कारकीर्दीत एक इतिवृत्त संकलित होऊन त्याच्या प्रती निरनिराळ्या मठांना धाडण्यात आल्या, आणि तेथील भिक्षू त्यांत पुढे वर्षावर्षाची भर घालीत राहिले. त्याला बखर म्हणण्यापेक्षा आपल्या इतिहास-संशोधकांचा शकावली हा शब्द अधिक शोभतो. वर्ष, त्यापुढे एकदोन घटना, पुष्कळदा एवढेच. तिच्यातील 883 च्या नोंदीत एक चमत्कारिक उल्लेख आहे: सिगेल्म आणि एथेल्स्टन या दोघांनी आल्फ्रेडचे दान रोमला, आणि संत टॉमस व संत बार्थोलोम्यू यांच्यासाठी हिंदुस्थानात नेले. काही हस्तलिखितांत येथे हिंदुस्थानाऐवजी यहूद्यांचा देश असा पाठ असल्याने ही माणसे खरोखर मलबारला पोचली की पॅलेस्टाइनपर्यंतच गेली यावर खल होत आला आहे. बाराव्या शतकातील माम्झबरीचा इतिहासकार विल्यम मात्र सिगेल्म हिंदुस्थानास जाऊन तिकडची रत्ने घेऊन परतला असे निःशंकपणे सांगतो. मला हा यहूदी पाठ लेखनिकाच्या हातचुकीसारखा वाटतो, कारण टॉमसचे नाव हिंदुस्थानाशीच जोडलेले आहे. परंतु त्यावरून दूत येथवर आलेच असे सिद्ध होत नाही.

आल्फ्रेडच्या काळची ही इंग्रजी भाषा आजच्या इंग्रजाला शिकल्यावाचून कळत नाही. तिच्यात नामांना तीन लिंगे आहेत, आणि तीही अर्थावरून ठरत नाहीत; विभक्तिप्रत्यय आहेत, त्यामुळे शब्दांचा क्रम बराच मोकळा आहे, आणि गौण वाक्यात क्रियापद पुष्कळदा शेवटी जाते. म्हणजे आजच्या लंडनकराची जेथे तारांबळ उडते, तेथे मराठी माणसाला फारसे परके वाटू नये. ही प्रत्ययांची गर्दी पुढे गळून पडली, आणि ती गळण्यास जी कारणे घडली त्यांत तहाच्या रेषेपलीकडील शेजार हे एक मोठे कारण मानले जाते. डॅनिश आणि इंग्रज एकमेकांचे धातू ओळखत, प्रत्यय मात्र जुळत नसत. बाजारात व लग्नसंबंधांत जे जुळत नाही ते झिजते. तेथूनच ‘दे’, ‘देम’, ‘देअर’ ही सर्वनामे, आणि ‘लॉ’, ‘नाइफ’, ‘एग’, ‘स्काय’, ‘विंडो’ यांसारखे नित्याचे शब्द इंग्रजीत आले.

आल्फ्रेड 26 ऑक्टोबर 899 रोजी वारला. त्याचा मुलगा एडवर्ड आणि मर्सियात ब्याहलेली मुलगी एथेलफ्लेड यांनी ठाण्यांचीच युक्ती पुढे नेऊन डॅनिश मुलूख परत घेत आणला, आणि नातू एथेल्स्टन सर्व इंग्लंडचा राजा झाला. लेखनाची परंपराही वाढली. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात विंचेस्टरच्या बिशप एथेलवोल्डच्या पीठात वेसेक्सच्या बोलीचे एक नियमबद्ध लेखी रूप ठरले, आणि त्याचा शिष्य एल्फ्रिक याने त्या भाषेत प्रवचने तर लिहिलीच, पण लॅटिनचे व्याकरणही तिच्यातून समजावून सांगितले. 1066 मध्ये नॉर्मन आले. थोड्याच वर्षांत राजाची फर्माने पुन्हा लॅटिनमध्ये निघू लागली, मठांचे अधिकारी बदलले, आणि ती शकावली एकेका मठात बंद पडत गेली. पीटरबरोच्या मठात ती सर्वांत अधिक काळ चालली. तेथील शेवटची नोंद 1154 ची, आणि तिची भाषा एव्हाना आल्फ्रेडच्या लेखनिकांना अडखळत वाचावी लागली असती अशी, प्रत्यय गळू लागलेली आहे.

आल्फ्रेडला इंग्रजी गद्याचा जनक म्हणण्याची चाल आहे, ती येथे जरा सावरून घ्यावी लागते. चौदाव्या आणि पंधराव्या शतकांत इंग्रजी पुन्हा दप्तरात आली, तेव्हा जी बोली प्रमाण ठरली ती वेसेक्सची नव्हती. ती लंडनची होती, आणि लंडनच्या बोलण्यावर त्या काळात पूर्व मिडलंड्समधून पोटापाण्यासाठी येणाऱ्या लोकांचा पगडा बसला होता. म्हणजे जुन्या मर्सियाच्या पूर्व भागाचा, बेडफर्ड आणि ऊझ यांच्या पलीकडचा, जो मुलूख आल्फ्रेडने तहात गुथ्रमच्या लोकांकडे राहू दिला होता.